नव्या लॅपटॉपवर जायचंय. निम्मं काम क्लाउडवर, निम्मं जुन्या लॅपटॉपवर. आधी काय करू?

नारायणपेठ_प्रुफं:

नमस्कार मंडळी. मी पुस्तकांची प्रुफं तपासते आणि मांडणीही करून देते, घरूनच. बरीच वर्षं एकाच लॅपटॉपवर चाललंय. तो विंडोज १० वर आहे, ११ त्याच्यावर चढत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्टही संपला. तरी ओढत होते. आता बिजागरीच गेली, म्हणून परवा तापकीर गल्लीतून नवा आणला. चालू करून पाहिला आणि तसाच ठेवलाय. कामाचं त्यात अजून काहीच टाकलेलं नाही.

माझ्याकडे काय काय आहे ते सांगते. गूगल ड्राइव्हचा १०० जीबीचा प्लॅन आहे, त्यातले जवळजवळ ९० भरलेत. लॅपटॉपवर तो जी ड्राइव्ह म्हणून दिसतो. वर्डसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंय, त्यामुळे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डरं वनड्राइव्हमध्ये आहेत. शिवाय सी ड्राइव्हवर 'जुनी पुस्तकं' नावाचं एक मोठं फोल्डर आहे, ते कुठेच वर चढवलेलं नाही. त्यात पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पुस्तकं आहेत, सगळी श्री-लिपी या देवनागरी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली. त्यांच्या पुनर्मुद्रणाची कामं अजून अधूनमधून येतात.

पोर्टेबल हार्ड डिस्क जोडून जी ड्राइव्ह त्यावर कॉपी करायला घेतला, तर काम पुढे सरकतच नाही. शिवाय कॉपी झालेल्यांत काही फाइल फक्त एक केबीच्या आहेत. त्यात एका अख्ख्या अनुवादाचा कच्चा खर्डा आहे, तो एक केबीत कसा मावेल?

घराजवळच्या एका दुकानात विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन्ही लॅपटॉप सोडून जा, संध्याकाळपर्यंत सगळं नव्यावर टाकतो आणि जुना साफ करून देतो." पण माझ्याकडे लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत. ती मी कुणाच्या टेबलावर सोडून येणार नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगा: हार्ड डिस्कवरून नेऊ की क्लाउडवरून उतरवू? त्या एक केबीच्या फाइलींचं काय? आणि जुना लॅपटॉप कधी पुसला तर चालेल? तो भाचीला कॉलेजसाठी द्यायचा विचार आहे. श्रावण संपत आलाय, दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागलाय, त्यामुळे काम फार दिवस बंद ठेवता येणार नाही.


एबीसी_देखभाल:

ताई, दोन्ही लॅपटॉप दुकानात सोडले नाहीत हे फार चांगलं केलंत. हे काम तुम्हाला घरी, स्वतःला जमण्यासारखं आहे. मी अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची आणि छोट्या छापखान्यांची मशीन सांभाळतो. पेजमेकर, श्री-लिपी, वर्ड आणि वर दोन-दोन क्लाउड ही सरमिसळ आमच्याकडे रोजची आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण घाईत उरकल्यावर पस्तावलेली माणसं मी पाहिली आहेत.

आधी कुठली फाइल खरोखर कुठे आहे ते बघू. लॅपटॉपवर नाव दिसतंय म्हणजे फाइल तिथे आहे, असं नाही. आत्ता जुन्या लॅपटॉपसमोर असाल तर करूनच पाहा. डॉक्युमेंट्समधलं बऱ्याच दिवसांत न उघडलेलं एखादं फोल्डर घ्या, राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. तिथे दोन ओळी एकाखाली एक दिसतील, साइझ आणि साइझ ऑन डिस्क. पहिल्या ओळीत काहीशे एमबी आणि दुसरीत शून्य असेल, तर ते फोल्डर तुमच्या लॅपटॉपवर नाही. ते फक्त वनड्राइव्हच्या सर्व्हरवर आहे. अशा फाइलींच्या रांगेत निळ्या रेषेचा पोकळ ढग दिसतो. पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण असेल, तर तुम्ही ती फाइल कधीतरी उघडली होती म्हणून आत्ता इथेही आहे. जागा मोकळी करताना विंडोज ती पुन्हा फक्त वर ठेवू शकतं. गोल भरीव हिरवा आणि खूण पांढरी असेल, तेवढीच फाइल 'इथे कायम ठेव' म्हणून सांगितलेली. माझ्या पाहण्यात बहुतेकांच्या लॅपटॉपवर पोकळ ढगच जास्त असतात आणि ते त्यांना ठाऊक नसतं. असं फोल्डर नेट बंद असताना पेनड्राइव्हवर ओढायला गेलात तर हाती काही लागत नाही.

तुमचा जी ड्राइव्ह तर खरी डिस्कच नव्हे. गूगलचं ॲप 'स्ट्रीम' पद्धतीवर असलं की फाइल मागाल तेव्हाच खाली उतरते. तुमची कॉपी रखडली ती याचमुळे. प्रत्येक फाइल आधी नेटवरून येते, सी ड्राइव्हवर तात्पुरती साठते, मग हार्ड डिस्कवर जाते. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर सगळंच अडतं. तेव्हा ती कॉपी थांबवा.

जे क्लाउडवर नीट चढलेलं आहे ते जुन्या लॅपटॉपवरून उचलून न्यायचंच नाही. नव्यावर त्याच खात्यांनी साइन इन करा, फोल्डरं 'इथे कायम ठेव' म्हणून सांगा आणि तिथे सरळ वरून उतरू द्या. ९० जीबी म्हणजे १०० एमबीपीएसच्या फायबरवर हिशोबाने दोन तास होतात. पण हजारो बारक्या फाइल असल्या की अर्धा दिवस धरा आणि रात्री लावून झोपा. फक्त बुधवारी रात्री लावू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तुमच्या-आमच्याकडे, आणि राउटर बंद पडला की सगळं थांबून राहतं.

मात्र त्याआधी जुन्यावरचं सगळं वर चढलंय ना, याची खात्री करा. खाली घड्याळाशेजारी वनड्राइव्हचा ढग आणि ड्राइव्हचा त्रिकोण आहे, दोन्हींवर क्लिक करा. काही चढायचं बाकी असेल तर तिथे यादी दिसते. वर्डमध्ये उघडी राहिलेली फाइल बऱ्याचदा अडकून बसते, ती बंद केली की चढते. दुसरं कारण म्हणजे लांबलचक नावं. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि शेवटी 'अंतिम प्रुफं लेखकाच्या दुरुस्त्यांसह नवीन' अशी फाइल. वनड्राइव्हमध्ये फोल्डरांची नावं धरून सगळं मिळून ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि विंडोजमधले जुने प्रोग्रॅम २६० च्या आसपासच हात टेकतात. नावं आखूड करा. मग ब्राउझर उघडा, दोन्ही क्लाउड वेबवर जाऊन पाहा आणि आज सकाळी केलेली फाइल तिथे आहे का ते बघा. लॅपटॉपवरचं ॲप काहीही म्हणो, मी वेबवर दिसल्याशिवाय 'चढलं' असं मानत नाही.

आता एक केबीच्या फाइली. तुमचा अनुवाद कुठेही गेलेला नाही. तो गूगल डॉक्समध्ये लिहिलेला असणार. डॉक्सची फाइल लॅपटॉपवर येतच नाही, येतो तो तिचा फक्त पत्ता. ग्रंथालयातलं कार्ड खिशात घालून आणलं तर पुस्तक घरी येत नाही, तसं. ते कार्ड हार्ड डिस्कवर जन्मभर जपलंत तरी उपयोग नाही; खातं बंद पडलं की पत्ताही गेला. म्हणून अशा महत्त्वाच्या डॉक्सची एकेक प्रत वर्डमध्ये उतरवून ठेवा. वेबवर फाइल उघडायची, फाइल मेनू, डाउनलोड, मायक्रोसॉफ्ट वर्ड. पुष्कळ असतील तर गूगल टेकआउट वापरा. त्यात ड्राइव्ह निवडलं की गूगल सगळं वर्ड-एक्सेलमध्ये बदलून झिप करून देतं आणि ईमेलवर दुवा येतो. तो दुवा ७ दिवसच चालतो, तेव्हा आला की लगेच उतरवा.

मग हार्ड डिस्कचं काम काय, तर ती वेगळी प्रत. सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं, हा बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येक प्रकाशकाला सांगतो. सिंकमध्ये एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. घरगुती खात्यांवर गूगलच्या आणि वनड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, पुढे नाही. म्हणून नव्यावर सगळं उतरलं की तिथूनच हार्ड डिस्कवर पूर्ण कॉपी घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटची असू द्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जात नाही. आणि उलटं करू नका, म्हणजे हार्ड डिस्कवरून नव्या लॅपटॉपच्या वनड्राइव्ह फोल्डरात ओतू नका. आधीच तिथे असलेल्या फाइलींवर त्याच फाइली पडल्या की दुहेरी प्रती तयार होतात, नावाच्या शेवटी लॅपटॉपचं नाव लागलेल्या. मग खरी कुठली ते शोधत बसावं लागतं. दिवाळी अंकाच्या तोंडावर तर ते नकोच.

आता क्लाउडवर नसलेल्या गोष्टींकडे येतो. त्या तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीत आल्या आहेत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

पहिले फाँट. श्री-लिपीचे किंवा सी-डॅकच्या आयएसएम या तशाच सॉफ्टवेअरचे जुने फाँट युनिकोड नाहीत, म्हणजे आजचे संगणक वापरतात त्या सामाईक संकेतांचे नाहीत. त्यात केलेल्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. नव्या लॅपटॉपवर तो फाँट नसेल तर अख्खं पुस्तक रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या गर्दीत दिसेल. अशा वेळी फाइल खराब झाली असं समजू नका, आणि मुख्य म्हणजे ती तशी उघडून सेव्ह करू नका. बंद करा, फाँट घाला, पुन्हा उघडा. फाँट दोन ठिकाणी असतात. एक सी ड्राइव्हमधलं विंडोज आणि त्यातलं फाँट्स. दुसरं तुमच्या यूजर फोल्डरातल्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स इथे. एका यूजरपुरते टाकलेले फाँट तिथे बसतात आणि ते हमखास विसरले जातात. ॲपडेटा लपलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स दाखवायला सांगा, मग दिसेल. नव्यावर फाँट टाकताना 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. श्री-लिपी हे सॉफ्टवेअर मात्र फोल्डर उचलून नेलं तर चालणार नाही, परवाना नव्या मशीनवर घ्यावा लागेल. ते करणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्यातलीच आहे, तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का ते आधी त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण प्रुफं वाचणाऱ्याकडे ती असतेच: वर्डला तुम्ही शिकवलेले शब्द. लेखकांची नावं, गावांची नावं, 'ॲड टू डिक्शनरी' करून घातलेलं सगळं. ते डॉक्युमेंट्समध्ये नसतं, म्हणून वनड्राइव्ह त्याला हातही लावत नाही. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज इथे गेलात की त्या फाइलचा मार्ग दिसतो. साधारणपणे ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट आणि त्यात यूप्रूफ. ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, ओळीला एक शब्द. उघडून पाहाच एकदा, तुमची कित्येक वर्षांची मेहनत त्या यादीत आहे. तिच्याजवळच, मायक्रोसॉफ्टमधल्या ऑफिस फोल्डरात ऑटोकरेक्टच्या फाइली असतात. नावात ११०२ असेल ती मराठीची, १०३३ असेल ती अमेरिकी इंग्रजीची. आणि टेम्प्लेट्समधली नॉर्मल ही फाइल. तुमच्या स्टाइल, मॅक्रो त्यात असतात. वर्ड बंद करून ही सगळी हार्ड डिस्कवर घ्या आणि नव्यावर त्याच जागी ठेवा.

तिसरं पेजमेकर. मोठी चित्रं त्यात पानात साठवलेली नसतात, फक्त जोडलेली असतात, आणि ती जोडणी फोल्डरच्या मार्गावर अवलंबून असते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलंत की यूजर फोल्डरला तुमच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून मिळतात. म्हणजे जुना मार्ग बदलला आणि सगळी चित्रं सुटली. तुमचं फोल्डर सरळ सी ड्राइव्हवर आहे, हे इथे फायद्याचं आहे. नव्यावरही सरळ सी ड्राइव्हवर, अगदी त्याच नावाने ठेवा. ते वनड्राइव्हच्या आत हलवू नका. गूगल ड्राइव्हचं अक्षरही ॲपच्या सेटिंगमधून निवडता येतं, ते जीच ठेवा.

राहता राहिला जुना लॅपटॉप. मला विचाराल तर तो भाचीला देऊ नका. कॉलेजच्या मुलीला दिवसभर नेट लागणार, आणि सपोर्ट संपलेलं विंडोज आणि मोडकी बिजागरी तिच्या वाट्याला येणार. तो तुमच्याकडेच टेबलावर राहू द्या, वायफाय कायमचं बंद करून, फक्त पेजमेकर आणि श्री-लिपीसाठी. पुनर्मुद्रणाचं काम आलं की त्यावर करायचं, पीडीएफ काढायची आणि पेनड्राइव्हने नव्यावर आणायची. चौकातल्या कितीतरी छापखान्यांत अशी एक जुनी मशीन बाजूला असते आणि ती व्यवस्थित काम देते. सवड मिळेल तशी प्रत्येक जुन्या पुस्तकाची फाँट आत घातलेली पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे उद्या ती मशीन बसली तरी छापायला फाइल हातात असेल.

तरी पुसायचाच झाला, तर क्रम महत्त्वाचा. आधी वनड्राइव्हमध्ये 'अनलिंक धिस पीसी', गूगल ड्राइव्हमध्ये 'डिस्कनेक्ट अकाउंट'. त्यानंतरच काय ते. खाती जोडलेली असताना फोल्डर रिकामं करायला घेतलंत, तर ते क्लाउडवरूनही जाईल आणि नव्या लॅपटॉपवरूनही. दुकानातला तो मुलगा 'साफ करून देतो' म्हणाला, तेव्हा तो हा क्रम पाळणार की नाही हे तुम्हाला कसं कळणार होतं?


सिंहगडरोडकर:

काका, माहिती छान आहे, पण मला हे सगळं जरा जास्त वाटतंय. मी दोन महिन्यांपूर्वीच लॅपटॉप बदलला. नव्यावर साइन इन केलं, चहा होईपर्यंत डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. फोटो, मुलांच्या शाळेचे कागद, एक्सेल, सगळं. ताई घाबरून जातील एवढं वाचून.


एबीसी_देखभाल:

तुमचं बरोबर आहे, फोटो आणि कागदपत्रं असणाऱ्याला साइन इन पुरतं. पण चहा होईपर्यंत समोर आली ती फाइलींची नावं. फाइली उघडाल तसतशा उतरतात. एकदा नेट बंद करून एखादा जुना फोटो उघडून पाहा. आणि लॅपटॉपवर जागा असेल तर महत्त्वाच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून टाका. पाच सेकंदांचं काम आहे.

ताईंचं तसं नाही. त्यांच्या फाइली फाँट, चित्रं आणि शब्दयादी यांच्याशिवाय नुसत्या येऊन उपयोगाच्या नाहीत. दुसऱ्याचं पुस्तक त्यांच्या भरवशावर आहे, म्हणून एवढं लिहिलं.


ग्रंथपाल_डेक्कन:

एक भर घालते. आमच्याकडे एका वाचनालयाच्या सूचीचं काम गूगल ड्राइव्हवर चालतं. तिथे 'शेअर्ड विथ मी'मध्ये जे दिसतं ते आपलं नसतं. ते जी ड्राइव्हमध्येही आपोआप येत नाही, टेकआउटमध्येही त्यावर विसंबू नये. ज्याची फाइल आहे त्याने ती काढली किंवा त्याचं खातं बंद झालं, की आपल्याकडूनही ती गेली. नारायणपेठ ताई, तुम्हाला संपादक आणि लेखक असेच दुवे पाठवत असणार. जे काम चालू आहे किंवा ज्याची नोंद तुमच्याकडे राहायला हवी, त्याची वेबवर 'मेक अ कॉपी' करून स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवा. नुसता शॉर्टकट जोडून भागत नाही, तोही मूळ फाइलवरच अवलंबून असतो.

आणि नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. हे करणाऱ्या विंडोजमधल्या बिटलॉकरची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात वेबवर दिसते. ती ४८ अंकांची असते. कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. उद्या दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप तीच मागतो, आणि ती नसेल तर आतलं काही मिळत नाही.


नारायणपेठ_प्रुफं:

सगळ्यांचे मनापासून आभार. एबीसी काका, तुमचं वाचत वाचत करत गेले. साइझ ऑन डिस्क पाहिलं आणि धस्स झालं: डॉक्युमेंट्समधली जवळजवळ सगळी जुनी फोल्डरं शून्य दाखवत होती. वेबवर मात्र सगळं जागेवर आहे. वर्डची शब्दयादीही सापडली. नोटपॅडमध्ये उघडल्यावर वर 'आंजर्ले' आणि खाली 'ज्ञानप्रबोधिनी', मधे कितीतरी लेखकांची आडनावं. ती दोन ठिकाणी ठेवली. अनुवादाची वर्डमध्ये प्रत काढली, पानं मोजून पाहिली, पूर्ण आहे. जुना लॅपटॉप आता भाचीला नाही. पेजमेकरसाठी टेबलावरच राहील. तिला घरातून दुसरी सोय करतो आहोत.

एक नवीन अडचण. ड्राइव्ह वेबवर उघडलं तेव्हा डावीकडे 'कॉम्प्यूटर्स' असं दिसलं. त्यात माझ्या खूप जुन्या डेस्कटॉपचं फोल्डर आहे, १४ जीबीचं. तो संगणक कधीच भंगारात गेला. आत २०१९ च्या दिवाळी अंकांचं मूळ साहित्य आहे, आणि ते माझ्याकडे आणखी कुठेच नाही. नव्या लॅपटॉपवर साइन इन केलं, पण माय ड्राइव्हमध्ये ते आलेलं नाही. कसं आणू?


एबीसी_देखभाल:

ते माय ड्राइव्हमध्ये येणारच नाही. गूगलच्या ॲपने एखाद्या संगणकाचं फोल्डर वर चढवलं की ते त्या संगणकाच्या नावाखाली वेगळं राहतं. नव्या लॅपटॉपवर जी ड्राइव्ह उघडा, माय ड्राइव्हच्या शेजारी 'अदर कम्प्यूटर्स' असेल, त्यात ते दिसेल. तिथून माय ड्राइव्हमध्ये कॉपी करायचा मोह होईल, पण ते करू नका. तुमचे १०० पैकी ९० जीबी भरलेत; १४ ची दुसरी प्रत झाली की मर्यादा ओलांडली. ड्राइव्ह, फोटो आणि जीमेल मिळून एकच जागा आहे. ती भरली की नुसत्या फाइली चढायच्या थांबत नाहीत, ईमेलही येईनाशी होते. अंकांचा मजकूर ईमेलवर येण्याच्या दिवसांत ते परवडणार नाही.

ते फोल्डर आधी नव्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर कॉपी करा, आणि तिथून हार्ड डिस्कवर. तिन्हीकडे राइट-क्लिक, प्रॉपर्टीज करून फाइलींचा आकडा जुळतोय का पाहा. अंकाची दोन-चार चित्रं आणि एखादं पान उघडून बघा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आत डॉक्सच्या एक केबीच्या फाइली असतील तर त्या आधी वर्डमध्ये उतरवा.

एवढं झाल्यावर 'कॉम्प्यूटर्स'मधून काढायचं की नाही ते ठरवा. काढलंत तरी कचरापेटी रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही, कारण पेटीतलंही मोजलं जातं. माझं मत विचाराल तर अंकांची छपाई होईपर्यंत ते तिथेच राहू द्या. जागा हवी असेल तर जीमेलच्या शोधात मोठ्या जोडण्यांच्या ईमेल काढा. जुनी प्रुफं पाठवलेल्या पीडीएफ तिथे ढिगाने सापडतील, आणि त्यांच्या मूळ फाइली तुमच्याकडे आहेतच.